उसना श्वास

"छिन्न्यांची पेटी उचल," अमा न्युं मला म्हणाली, "आणि त्याच्या डोळ्यांसमोरून नेऊ नकोस. पायाकडून ने."

पेटी जड होती. को पो लाट खाटेवर दोन उशांना टेकून अर्धवट बसला होता, डोळे मिटलेले. मी पेटी पायाकडून नेली, पण लोखंड ते लोखंड, खणकलंच. त्याबरोबर डोळे न उघडता तो म्हणाला, "मा पू, खालच्या कप्प्यातली बारीक छिन्नी वेगळी ठेव. तिची धार..." पुढचं खोकल्यात गेलं.

"बघितलंस?" अमा माझ्या कानाशी कुजबुजली. "वरून वाटतं ध्यान चाललंय. आणि जीव कुठे? छिन्नीच्या धारेत!"

अमा ही त्याची थोरली बहीण. लहानपणी आईच्या मागे हिनेच त्याला वाढवलं, आणि आता त्याला नीट मरणही हीच देणार होती. वर्षातले निम्मे दिवस ती ध्यानकेंद्रात काढते. तिथून आली की आम्ही सगळ्या बायका पदर सावरल्यासारखं तोंड सावरून बोलतो. वाईट बाई नाही. पण ज्याचं म्हणणं बरोबर असतं त्या माणसाशी भांडता येत नाही ना, तेच तिचं दुखणं आणि तेच आमचं.

मंडालेच्या आमच्या दगडगल्लीत एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शेवटच्या क्षणी मन ज्याला धरून असेल, तिकडे माणूस जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा जीव त्याच्या मोठ्या किटलीत होता. तो गेला आणि त्याच आठवड्यात किटलीच्या मागे एक पाल राहायला आली. त्याची बायको आजही सकाळचं पहिलं चमचाभर गोड दूध त्या पालीपुढे ठेवते. आम्ही हसतो. पण त्या पालीवर फडकं उगारायची हिंमत आमच्यात कोणाची नाही.

म्हणून अमा खोली रिकामी करत होती. आधी रेडिओ गेला. मग पानाचा डबा, चहाचा कान तुटलेला कप, यात्रेत काढलेला नवराबायकोचा फोटो. पेटी नेली तेव्हा खोलीत बुद्धांची एक तसबीर, पाण्याचा तांब्या आणि को पो लाट एवढंच उरलं. भाडेकरू खोली सोडून गेल्यावर दिसते तशी ती खोली दिसायला लागली.

को पो लाट मूर्तिकार, पण चेहरे करणारा नव्हे. आमच्याकडे चेहऱ्याचे कारागीर वेगळे, त्यांचा मान वेगळा आणि त्यांचा अहंकारही वेगळा. हा चिवराच्या चुण्या आणि हात करायचा. जन्मभर त्याने संगमरवराचे हात केले, मांडीवर ठेवलेले, भुईला टेकलेले. त्याने केलेली मूर्ती पुढे पॉलिशला यायची ती त्याच्या बायकोकडे, सान यीकडे, आणि माझ्याकडे. आम्ही दोघी मूर्तीच्या दोन बाजूंना बसून पाणी टाकत घासायचो आणि गल्लीभराची उणीदुणी काढायचो. हाताने छिन्नी चालत होती तोवर दगड टवक्याटवक्याने उडायचा. ग्राइंडर आला आणि दगडाचं पीठ झालं. पापण्यांपर्यंत सगळे पांढरे. परगावचा माणूस विचारायचा, तुमच्या गल्लीत सगळे म्हातारेच कसे? आमचं काम पाण्याचं, म्हणून धूळ आमच्यापर्यंत कमी यायची. आमच्या गल्लीत विधवा जास्त आहेत ते काही आमच्या पुण्याईने नाही. माझा नवरा असाच गेला, घाबरून, माझं मनगट धरून. त्याचं पुढे काय झालं असेल ते मी मनात येऊ देत नाही.

डॉक्टरांनी को पो लाटच्या छातीचा फोटो उजेडात धरला होता. "फुप्फुस स्पंजासारखं असतं," ते म्हणाले. "यांची वीट झालीय." सान यीने विचारलं, औषध? डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी त्यानेच अमाला बोलावून घेतलं होतं. हे सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष तिच्या माथी जाईल. "अमा, मला शिकव," तो म्हणाला. "गुदमरून जाणारा माणूस घाबरून जातो, आणि घाबरून गेलेला कुठे जातो ते तू मला लहानपणापासून सांगितलंयस. मला नीट जायचंय." नाकासमोर चालणारा माणूस. मरणही नाकासमोरून यावं एवढंच त्याचं मागणं.

अमा त्याच्या उशाशी ताठ बसली आणि शिकवायला लागली. नाकाच्या शेंड्याशी लक्ष ठेव. श्वास आत येतोय, कळलं. बाहेर जातोय, कळलं. धरायचा नाही, ढकलायचा नाही, नुसता बघायचा. हळूहळू तोही आपला नाही हे कळतं, मग बाकीचं काय आपलं असणार?

ज्याचा श्वास धड आहे त्याला हे ठीक. पण ह्याला श्वास बघायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला रिकाम्या ताटाकडे बघत बस म्हणण्यासारखं होतं. तो बघायला जायचा, श्वास सापडायचा नाही. मग भीती, मग ती झोंबाझोंबी, गळ्याच्या शिरा वर, लुंगी घामाने ओली.

"अमा, बघायला गेलं की पळतो गं."

"पळू दे. तू बघ."

"पळाल्यावर काय बघू?"

"पळाला ते बघ."

अमा पाणी आणायला उठली की तो माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. एकदा म्हणाला, "मा पू, आयुष्यभर दगड बघितला, तो कधी जागचा हलला नाही. आणि हा एवढासा वारा, दोन घटका धरवत नाही मला."

"धरायचा नसतोच म्हणे," मी म्हटलं.

"मग तर जमतंय की मला!" तो हसला, आणि त्या एका हसण्याची किंमत त्याने दुपारभर खोकून मोजली. मी पुन्हा त्याला हसवलं नाही.

सान यीचं पाठीचं प्रकरण घडलं ते अमा विहारात दान घेऊन गेली होती त्या सकाळी. मी पेज घेऊन दाराशी आले होते. सान यी त्याच्या अंथरुणाच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून, सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्याला उबळ आली होती, श्वास नुसता शिट्टीसारखा वाजत होता. ती वळणार तेवढ्यात त्याने हात लांब करून तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळवा ठेवला.

"यी, हलू नकोस."

ती सूप धरून तशीच थिजली.

"तू घे. मला तुझा दिसतोय."

तिला काही कळलं नाही. मलाही नाही. पण तिने एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. तिची पाठ वर आली, खाली गेली, आणि त्याचा तळवा तिच्याबरोबर वर आला, खाली गेला. ती घेत राहिली. हळूहळू ती शिट्टी थांबली. त्याचा स्वतःचा श्वास वरवरचा, तोकडाच होता, पण त्याच्याशी त्याचं भांडण राहिलं नव्हतं. तो आपला दुसरीकडे बघत बसला होता. मी जन्मभर बुद्धांचे चेहरे घासले आहेत. तसा चेहरा जिवंत माणसावर मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला. पेज गार झाली आणि मी ती तशीच परत नेली.

मग ते रोजचं झालं. सान यी निवडणं, शिवणं, जे काही बसून करता येतं ते त्याच्याकडे पाठ करून करायची. ती बाई मुळातच कमी बोलणारी. एकदा पॉलिशपेपर भिजवताना मला म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी श्वास घेते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं." आणि लाजली. त्या वयात!

एके दिवशी अमाने ते पाहिलं. दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "हे काय चाललंय?"

"श्वास बघतायत," सान यी म्हणाली.

"कोणाचा?"

"माझा."

अमा खाली बसली. तिचा राग मला परवडला असता, पण ती रागावली नव्हती, घाबरली होती. "सान यी, ज्याचं नाक त्याला. उद्या जाताना हा तुझी पाठ बरोबर नेणार आहे का?"

माझी जीभ कुठली गप्प बसायला. "अमा, श्वास तो श्वास. त्याच्यावर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं?"

"मा पू, तुझं तोंड म्हणजे ग्राइंडर आहे. बंद कर."

"अमा," को पो लाट म्हणाला, "ती नाही गं... मी श्वासच..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. पुरं करायला वारा लागतो.

अमाने त्याचं कपाळ पुसलं, आणि इतक्या मायेने पुसलं की मला तिच्यावर धड रागावताही येईना. नंतर विहिरीवर ती मला म्हणाली, "आमची आई माझ्या गळ्याला मिठी मारून गेली. 'न्युं, मला सोडू नकोस' म्हणत होती. मी पण मूर्ख, मीही रडले, मीही धरून ठेवलं. त्यानंतर जुन्या घराच्या न्हाणीपाशी संध्याकाळी मला ती दिसायची. अंग चोरून उभी. मी किती दानं केली, किती पुण्य तिच्या नावाने सोडलं. सुटली की नाही, काय माहीत. ह्याचं तसं होऊ देणार नाही मी, मा पू. जीव गेला तरी नाही."

मी बादली उचलली आणि आले.

शेवटच्या दिवशी सकाळीच कळलं होतं. पायांची बोटं निळी पडली होती आणि त्याने पेज नको म्हणून सांगितलं. अमाने विहारातून मोठ्या भंतेंना बोलावलं. शेजारपाजार जमला, चटया पसरल्या. भंते थकलेले, दोन शिष्यांच्या आधाराने आले. आम्ही त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं. सान यी तिच्या रोजच्या जागी, अंथरुणाच्या कडेला, भंतेंकडे तोंड करून हात जोडून बसली होती. सुत्तपठण सुरू झालं आणि सगळ्यांच्या देखत को पो लाटचा हात अंथरुणावरून सरकत सरकत आला आणि तिच्या पाठीवर बसला.

कोणीतरी मागे चुकचुकलं. सान यीची मान खाली गेली. पण श्वास तिने चुकवला नाही, वर, खाली. समोर तसबीर होती, भंते होते, आणि हा बायकोच्या पाठीकडे बघत होता. मला त्याचा चेहरा दिसत होता, शांत होता. पण मी जिथे बसले होते तिथून. मागे बसलेल्यांना दिसत होता तो फक्त हात.

पठण संपलं. भंते म्हणाले, "जे धरलंय ते मऊ हातानं सोडवा. ओरबाडू नका." एवढंच. दुपारनंतर भिक्षूंना जेवण चालत नाही, बाराच्या आत त्यांचं व्हायला हवं होतं, शिष्य घाई करत होते. मी चपला न घालता त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावले. तिथेच धुळीत गुडघे टेकले.

"भंते, ती पाठ. तो तिचा श्वास बघतो. ते धरणं झालं का?"

भंते शिष्याच्या हातावर भार देऊन माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला बाहेरून कळत नाही, बाई. बघणं आणि धरणं, बाहेरून सारखंच दिसतं."

मी परत आले तेव्हा चटया गुंडाळून झाल्या होत्या. शेजारी निघून गेले होते, आणि अमा सान यीला हळू आवाजात सांगत होती, "सगळं काढलं खोलीतलं. आता तू एकटी उरलीस."

"भंते म्हणाले, बाहेरून कळत नाही," मी म्हटलं.

"मग?" अमा माझ्याकडे वळली. तिचे डोळे लाल होते. "कळत नाही तर जोखीम कोणी घ्यायची? तू घेतेस, मा पू? उद्या तो ह्याच घरात किडा होऊन वळवळला, तर तू घेशील आपल्या माथ्यावर? घेतेस तर बोल. मी गप्प बसते."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर माझा नवरा आला, माझं मनगट धरलेला.

"नको, मा पू," सान यी म्हणाली. "अमा बरोबर बोलतायत. माझ्यापायी त्यांचं वाईट व्हायला नको."

ती अंथरुणापाशी गेली, वाकली. "को लाट, मी जरा चुलीपाशी आहे."

"किती वेळ?"

"इथेच आहे. तुम्ही तुमचं बघा आता. अमांनी शिकवलंय तसं."

त्याने तिच्याकडे बघितलं. सगळं कळलं त्याला. हट्ट केला असता, हात धरला असता, तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बरं. करतो मी." परीक्षेला निघालेल्या मुलासारखं.

चुलीची पडवी म्हणजे त्याच्या खोलीच्याच मागची बाजू. मध्ये बांबूच्या कामट्यांची विणलेली तट्टी, एवढीच भिंत. तिच्या पलीकडे, तिला लागूनच त्याचं अंथरूण. आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. चूल पेटलेली नव्हती. ऊन कडक होतं, रस्त्यावरचे ग्राइंडर त्या दिवशी को पो लाटसाठी बंद ठेवले होते, त्यामुळे तट्टीपलीकडचा आवाज न् आवाज ऐकू येत होता. अमाचं बोलणं, "आत येतोय, कळलं. बाहेर जातोय, कळलं." आणि त्याची शिट्टी.

सान यी आधी गुडघ्यात मान घालून बसली. मग शिट्टी वाढली तशी ती मागे सरकली आणि तिने तट्टीला पाठ लावली. तिने श्वास घेतला. मोठा, आवाज करून. सोडला. पुन्हा घेतला.

आत शिट्टी अडखळली. तिच्या मागोमाग येऊ लागली.

"सान यी!" आतून अमाचा आवाज आला. रडवेला होता. "तू तिथे आहेस हे त्याला कळतंय. तुझ्या पाया पडते, विहारात जाऊन बस."

सान यीने डोक्याच्या फडक्याचा बोळा करून तोंडात धरला. आवाज बंद झाला. आणि आत गोंधळ माजला. खाट करकरली, तांब्या कलंडला, शिट्टी तुटून तुटून यायला लागली. अमा म्हणत होती, "बघ, लाट, नुसतं बघ, बाळा, घाबरू नको."

सान यीने बोळा काढला. तिचा चेहरा मला बघवत नव्हता. "मी घेतला तर ते अडकतायत, मा पू. नाही घेतला तर गुदमरतायत. मी काय करू? सांग ना, मी काय करू?"

आयुष्यभर मी लोकांना न विचारता सल्ले दिले. त्या दिवशी विचारलेला एकही देता येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "आवाज नको करूस."

तिला ते पुरलं. तिने पाठ पुन्हा तट्टीला लावली, घट्ट, आणि तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायला लागली. आवाज असा काहीच नव्हता. पण तट्टी जुनी होती, सैल झालेली. तिची पाठ वर आली की तट्टी थोडी आत दबायची, खाली गेली की परत यायची. कामट्या अगदी बारीक करकरायच्या. आतून पुन्हा खाट वाजली, जवळ, अगदी तट्टीपाशी. मग वाजायची थांबली. अमाने मोठ्याने सुत्त म्हणायला घेतलं होतं, तिला बाकी काही ऐकू जात नसावं. सुत्ताच्या खालून त्याचा श्वास येत होता. शिट्टी नव्हती. एक, मग बराच वेळ काही नाही. मग एक. सान यीचे डोळे मिटलेले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण श्वासात हुंदका तिने येऊ दिला नाही. तेवढं एकच तिच्या हातात होतं, आणि ते तिने केलं.

पुढे पुढे आतून काहीच येईना. मी वाट बघत राहिले. ती घेत होती, सोडत होती, कामट्या करकरत होत्या. मला कळलं होतं. तिला सांगायला माझी जीभ उचलेना. ती एकटीच कितीतरी वेळ दोघांसाठी घेत राहिली.

सुत्त थांबलं. अमा पडवीच्या दारात आली. चेहरा उजळलेला होता, खरंच सांगते, इतक्या दिवसांत प्रथमच ती म्हातारी तरुण दिसली. "गेला," ती म्हणाली. "रडायचं नाही हं. छान गेला. कुशीवर वळला गं स्वतःहून, उजव्या कुशीवर, बुद्ध पहुडले होते तसा. मी डोळे मिटून सुत्त म्हणत होते, उघडून बघते तर हा असा. काही धरलं नाही त्याने. काही म्हणजे काही नाही. सुटला माझा भाऊ."

सान यीने डोळे पुसले. "हो, अमा," ती म्हणाली.

अमा भंतेंना निरोप द्यायला गेली. आंघोळ घालायच्या आधी आम्ही दोघी आत गेलो. तो उजव्या कुशीवर होता हे खरं. पण खाटेच्या मधोमध नव्हता. पार कडेला, तट्टीला भिडून होता, तोंड तट्टीत दाबलेलं. सान यीने त्याला खांद्याला धरून हलकेच उताणा केला.

कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर तट्टीची वीण उमटली होती. उभी कामटी, आडवी कामटी, स्वच्छ. छिन्नीने कोरावी तशी.

सान यी बघत राहिली. तिने बोट पुढे केलं आणि एका रेघेवरून फिरवलं. मग फडकं ओलं केलं आणि पुसायला लागली, मूर्तीवरचा डाग काढावा तसं गोल गोल. रेघा जाईनात. जिवंत माणसाची कातडी घटकाभरात भरून येते, मेलेल्याची येत नाही.

"मा पू," ती अगदी हळू म्हणाली. "हे चांगलं झालं की वाईट?"

मला काय ठाऊक? भंतेंनाही ठाऊक नव्हतं. मला वाटतं तो श्वासच बघत होता. मला तसं वाटायला हवंय, म्हणूनही वाटत असेल. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि पिळून ठेवलं.

अंगणात अमाचा आवाज आला. ती लोकांना घेऊन येत होती, सांगत होती, कसा वळला, कसा गेला. सान यीने घाईने आपल्या अंबाड्यातला कंगवा काढला. को पो लाट जन्मभर केस मागे वळवायचा. तिने ते ओले करून सगळे पुढे घेतले, कपाळ झाकलं, आणि नाकापर्यंत दोन बटा सोडल्या.

अमा आत आली. भावाकडे बघून तिने हात जोडले. "केस असे का गं?"

"लहानपणी असे होते, तुम्हीच सांगायचात ना," सान यी म्हणाली.

अमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिने आवरलं. "हो. असेच होते," ती म्हणाली.

दुपारभर लोक येत राहिले. चेहऱ्याचे कारागीर आले, चहावाल्याची बायको आली. सगळे त्याच्या पायाशी बसायचे, अमाचं ऐकायचे आणि म्हणायचे, असं मरण यायला पुण्य लागतं. सान यी उशाशी बसून मान डोलवत होती. कोणाच्या हातपंख्याची झुळूक आली की केस हलायचे, आणि ती हात पुढे करून ते पुन्हा नीट बसवायची.